ग्रहणाची गूळदाणी

कुणी विश्वास ठेवणार नाही, माझी बायको असती तर तिनेही ठेवला नसता. पण माझ्या बैलाने एकदा अख्ख्या वस्तीचा जीव वाचवला.

वडगावच्या दवाखान्याच्या ओसरीवर मी हे वाक्य टाकलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. डॉक्टर अजून पुण्याहून यायचे होते. खोकणारे, कण्हणारे, नुसतेच भिंतीला टेकलेले असे पंधराएक जण बसले होते आणि बोलायचं त्राण कुणातच नव्हतं. मीही गुडघ्यांचं दुखणं घेऊन आलो होतो. मुकाट बसायचं ठरवून आलो होतो, पण औषधाला आलेल्या कस्तुराबाईने बसू दिलं नाही.

आमच्या दवाखान्यात सरुबाई नावाची नर्स गेल्या चैत्रात आली. महारवाड्यात जन्मलेली, मिशनच्या इस्पितळात शिकलेली. ती औषध वाटत होती. कस्तुराबाईने आपली बाटली फरशीवर ठेवली, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "वरनं वत गं. बाटलीला हात लावू नगंस."

सरुबाईने वरूनच ओतलं. थेंबभरही सांडलं नाही. हाताला सवय होती.

"कस्तुरे," मी म्हणालो, "माझ्या पाखऱ्या बैलाला जे कळलं ते तुला कळंना व्हय?"

"सांगा आबा," दत्तोबा म्हणाला. हा स्टेशनवरचा हमाल, पाठ धरली म्हणून आलेला. "डाक्टर येस्तवर येळ जाईल. मागच्या बारीला तुमचा बैल खंडाळ्यात वाघासंगं फुगडी खेळला व्हता."

"ती थाप व्हती. ही खरी हाय."

मग मी सांगायला लागलो.

तेरा वर्षं झाली. लोणावळ्यात दिगंबरपंतांची गूळदाणीची कंपनी होती. गूळ-शेंगदाण्याच्या वड्या कागदात बांधायच्या आणि गाडी थांबली की खिडक्याखिडक्यांतून विकायच्या. माल स्टेशनवर पोचवायला माझी बैलगाडी. त्या आषाढात तांब्याच्या मोठ्या कढईची कल्हई उडाली. कल्हईवाला दारात आला तर पंत म्हणाले, पावसाळा सरू दे, मग बघू. उघड्या तांब्यात गूळ मुरला आणि कळकला. वडीला हिरवट झाक आली. कर्जतला एक गार्ड ओकून आडवा झाला, खंडाळ्याच्या बंगल्यातली मडम अंथरुणाला खिळली, आणि पुण्याच्या एका वकिलाच्या मुलांनी तीन दिवस डोळे उघडले नाहीत.

पंत मात्र हुशार. लगेच पुण्याच्या पत्रात छापून आणलं: 'सदर माल आम्ही परत घेत आहोत. गिऱ्हाइकांचे आरोग्य हाच आमचा लौकिक.' कढईला कल्हई झाली. डॉक्टरचा दाखला काचेत घालून भिंतीवर टांगला. कल्याणपासून चिंचवडपर्यंतची खोकी रेल्वेने परत आली, ती मीच गोदामात उतरवली. लोक म्हणाले, धंदा करावा तर असा. शाळेतल्या मास्तरांनी ते निवेदन मुलांना वाचून दाखवलं म्हणे.

परत आलेल्या खोक्यांचं पुढं काय, हे कुणी विचारलं नाही. गोदामातल्या मुंग्यासुद्धा त्यांना वळसा घालून जात.

श्रावणातल्या अवसेला सूर्यग्रहण होतं. महिनाभर सूर्य कुणी पाहिला नव्हता, पण पंचांगात होतं म्हणून लागलं. तुम्हाला ठाऊकच आहे, ग्रहण सुटलं की महारवाड्यातली माणसं दान मागत दारोदार यायची आणि घराघरातलं शिळं, विटलेलं, ग्रहणात सापडलेलं अन्न त्यांच्या पदरात पडायचं. देणाराचा दोष जायचा. कुठं जायचा, ते कुणी बघत नव्हतं.

त्या सकाळी पंतांनी मला बोलावलं.

"रखमाजी, यंदा त्यांना पावसात हिंडायला नको. ही खोकी वस्तीवर नेऊन वाट. दानही घडेल, गोदामही मोकळं होईल."

"पंत, ह्यानं मानसं आजारी पडली."

"साहेबाच्या पोटाला नाही सोसलं, रे. त्यांच्या पोटाला सगळं सोसतं. आजवर सोसलंच ना?"

पंत चिडून बोलले नाहीत. छत्री झटकता झटकता बोलले.

"मग तुमी काय म्हनला?" दत्तोबाने विचारलं.

"म्या काय म्हननार? गाडी जुपली."

ओसरीवर कुणीतरी सुस्कारा टाकला. मी घाईने पुढं गेलो.

इंद्रायणीच्या पुलावर आलो आणि पाखऱ्या खाली बसला. शेपूट पिरगाळली, उठेना. चुचकारलं, उठेना. मान वळवून खोक्यांकडं बघितलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. मग उठला तो मागं मागं सरकत, आणि सगळी खोकी धडाधड पाण्यात! दोन दिवस नदी गोड. देहूपर्यंतच्या बाया घागरी भरून नेत होत्या. चहाला गूळ लागेना.

"बया!" कस्तुराबाई म्हणाली. "आन् ते पिऊन कुनी मेलं न्हाई?"

"श्रावनातला पूर, कस्तुरे. पातळ झालं."

ओसरी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. खोकणाराही खोकता खोकता हसला. सरुबाई तेवढी पाठमोरी बाटल्या पुसत होती.

तिथंच थांबायला हवं होतं. पण हसू ऐकलं की माझी जीभ सैल सुटते.

"बैलाला कळलं," मी म्हणालो, "की समद्यांचं पोट एकाच कातड्याचं असतंय. वस्तीतली पोरं वाचली. ती लाल परकरातली, नाकात काडी घातलेली, परकराचा ओचा दोनी हातांनी पसरून चाकापाशी हुबी असलेली पोर... आज लेकुरवाळी झाली आसंल."

सरुबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

"आबा," ती वळून म्हणाली, "बैल पुलावर बसला म्हनता. पूल वस्तीपासनं कोसभर. मग चाकापाशी हुबी असलेली पोर तुमाला कुटनं दिसली?"

"कुनीतरी सांगितलं आसंल..."

"कुनी न्हाई सांगितलं. तुमचा बैल कुटंबी बसला न्हाई. गाडी वस्तीवर आली व्हती. मी तिच्या शेजारी हुबी व्हते, आबा. तुमी खोकं फोडलंत आन् हात लागू नये म्हनून वरनं टाकलंत तिच्या ओच्यात. धोंडी तिचं नाव व्हतं, माझी धाकटी भन. पयली वडी तिनं मला दिली. जिभंला झोंबली, मी थुकून टाकली. तिनं न्हाई थुकली. म्हनली, दानाचं हाय, आक्का, टाकू नये."