लॅपटॉप उघडेपर्यंत

माझा लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा उकळायचा, गाळून व्हायचा, पिऊन व्हायचा आणि कप विसळून पालथाही पडायचा. घरातले सगळे याला लॅपटॉपचा आजार म्हणायचे. मी काहीच म्हणायची नाही. कारण तेवढा वेळ मी बसलेली असायची.

बसलेली म्हणजे नुसती बसलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक स्टूल आहे, त्यावर. हातात कप, पाय समोरच्या पत्र्याच्या डब्यावर, डोकं रिकामं. शेजारी ओट्याच्या टोकाला लॅपटॉप कुरकुरत असायचा. आतली हार्ड डिस्क म्हणजे एक तबकडी, ती गरगर फिरते, तिचा तो आवाज. तो आवाज चालू असला की मला कुणी हाक मारायचं नाही. "मशीन उठतंय, तिला काही सांगू नका," असं सासूबाई बाहेरच्या खोलीत बजावायच्या, आणि घर गप्प राहायचं. कामाला लागलेल्या बाईला दुसरं काम सांगू नये एवढी अक्कल आमच्या घराला आहे. नुसती बसलेली बाई मात्र जगात कुणालाच बघवत नाही. पुरुष बसला की तो विचार करत असतो. बाई बसली की ती रिकामी असते.

मी घरबसल्या नकाशे काढते. एक इंजिनिअर साहेब आहेत. ते कागदावर रेघोट्या मारून फोटो पाठवतात आणि मी त्यांची घरं करते. इथे जिना, इथे अभ्यासाची खोली, इथे घरमालकाची निवांत बसायची खोली. लोकांना निवांत बसायच्या खोल्या काढून देता देता माझी मान आखडली, आणि मला स्वतःला मिळालं ते एक स्टूल. पण ते माझं होतं. दुपारची जेवणं उरकली की बटण दाबायचं आणि बसायचं.

मग एका दुपारी त्या कुरकुरीत टकटक मिसळली. पडदा निळा झाला, परत उठला, परत निजला. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. मी घाईघाईने सगळे नकाशे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि मग घरात सांगितलं. सांगितलं हेच चुकलं.

त्या क्षणापासून लॅपटॉप माझा राहिला नाही. कुणाची म्हैस नि कुणाला उठबस. नवरा पाणीपुरवठा कचेरीत कारकून आहे. त्याने ऑफिसातल्या झाडून सगळ्यांचं मत घेऊन आणलं, आणि त्यातली दोन मतं एकसारखी नव्हती. सासरे, म्हणजे आबा, त्यांचं म्हणणं असं की यंत्राला कापडाने नीट पुसलं तर ते बिघडत नाही. दीर मोबाईलची कव्हरं विकतात, त्यामुळे जगातल्या कुठल्याही तारेबद्दल त्यांना परमेश्वराइतकीच माहिती असते. ते तीन रात्री फोनवर व्हिडिओ बघत बसले आणि चौथ्या दिवशी एक डबी घेऊन आले. डबीत च्युइंगगमच्या वडीसारखी एक पातळ पट्टी. ही म्हणे सगळ्यात वेगवान, आता सगळीकडे हीच. माझा लॅपटॉप आधी उघडून बघावा, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. मला विचारावं हे तर कुणाच्याच आलं नाही. त्यावर काम मी करते, ही बाब बहुधा फारच किरकोळ असावी.

दुरुस्तीच्या दुकानात नवरा, दीर आणि मी असे तिघं गेलो. एका डिस्कसाठी तिघं. दुकानदाराला सगळे टकलू म्हणतात, आणि त्याने कंटाळून दुकानाच्या पाटीवरही तेच लिहून टाकलंय. त्याने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उचललं आणि दिरांची पट्टी उजेडात धरून उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाला की पट्टी झकास आहे, आता फक्त तिला बसेल असा लॅपटॉप घ्या. या जुन्या मशीनला त्या पट्टीची खाचच नव्हती. इथे चपटी पेटी बसते, तळहाताएवढी. भावोजींनी पट्टी परत डबीत ठेवली, डबी खिशात ठेवली आणि खाच नसणं ही कंपनीची चूक कशी आहे ते नवऱ्याला समजावून सांगू लागले.

टकलूने काउंटरवर दोन पेट्या मांडल्या. एक तबकडीवाली, जुनीचीच धाकटी बहीण. जागा दुप्पट, चाल तीच. दुसरी एसएसडी. जागा कमी, पण आत फिरणारं काहीच नाही. आवाज नाही, बटण दाबलं की मशीन हजर. जुनीवरचं सगळं कुठल्याही पेटीवर जसंच्या तसं उतरवून देईन, म्हणाला, माझं नकाशाचं जुनं सॉफ्टवेअरसुद्धा.

मी विचारलं, "तबकडीवालीने मशीन उघडायला किती वेळ लागेल?"

"आता लागतो तेवढाच. झालाच तर थोडा कमी."

"मग तीच द्या."

तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पंखा काढून वारा घालायला माणूस ठेवा म्हणाले. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला की किमतीचं टेन्शन घेऊ नकोस. भावोजींना वाटलं मला एसएसडी म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून ते सुरुवातीपासून सांगायला लागले. "वहिनी, अहो वेळ वाचतो वेळ," ते म्हणाले, "लोक वेळासाठी काय काय करतात."

काय सांगणार? माझा वेळ वाचला की तो माझा राहत नाही, तो घराचा होतो. लगेच कुणाच्या तरी शर्टाला बटण लागतं, कुणाला तरी अर्धा कप लागतो. मला माझं स्टूल सोडायचं नव्हतं. पण दुकानात, तीन पुरुषांसमोर, मला रोज थोडं नुसतं बसायचं आहे म्हणून वाईट डिस्क द्या, हे माझ्या तोंडून फुटेना. चोरी केल्यासारखं वाटत होतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

पेन ड्राइव्हवरचे नकाशे शाबूत आहेत ना, हे बघायला टकलूने पेन ड्राइव्ह आपल्या मशीनमध्ये लावला. त्याच्या मशीनमध्ये एसएसडी होती. साहेबांनी दिलेल्या एका दुमजली बंगल्याचा नकाशा त्याने उघडला. माझ्याकडे हा नकाशा उघडताना मी तोवर भाजी चिरून घेते. इथे तो पापणी लवायच्या आत समोर आला. जिना, खिडक्या, रेघ न रेघ. त्याने बंद केला, पुन्हा उघडला. पुन्हा तसाच.

मी बघत राहिले. या नकाशापायी मी किती संध्याकाळी मान मोडून बसले होते ते आठवलं. दरवेळी सेव्ह करताना मशीन अडकायचं, साहेबांचा फोन यायचा, मी म्हणायची झालंच साहेब, आणि सुट्टीचा दिवस त्यातच जायचा. म्हणजे हे मशीन मला दुपारी कपभर द्यायचं आणि संध्याकाळी माझ्याच हंड्यातून घागर भरून न्यायचं. आणि मी त्याचे उपकार मानत होते. का, तर घरात 'मी बसतेय' म्हणायची हिंमत नव्हती म्हणून.

"एसएसडी द्या," मी म्हणाले.

"पटलं ना शेवटी?" भावोजी खुश झाले. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की वहिनींना मीच समजावलं. मी होऊ दिलं. पट्टी फुकट गेली होती, माणसाला काहीतरी लागतंच.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली. मी गॅसवर आधण ठेवलं, बटण दाबलं आणि स्टुलाकडे वळले. वळून बघते तर मशीन उघडलेलं. आधणाला अजून बुडबुडासुद्धा नव्हता. कुरकुर नाही, टकटक नाही. स्वयंपाकघर इतकं शांत झालं की नळाचा थेंब ऐकू आला. आणि ती शांतता बाहेरच्या खोलीपर्यंत पोचली.

"सूनबाई," आबांची हाक आली, "उघडलं ना ते चुटकीसरशी? मग तेवढं माझ्या शर्टाचं बटण लावून दे."

मी चहा गाळला. कप घेतला. स्टुलावर बसले. पाय डब्यावर ठेवले.

"उघडलंय आबा. मी बसलेय."

"काम चाललंय का?"

"नाही. नुसती बसलेय."

मग चपला फरपटत सासूबाई आत आल्या. मी मनात म्हटलं, आता काय ते होऊन जाऊ दे. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाकून माझ्या पायाखालचा डबा ओढून घेतला आणि त्यावर स्वतः बसल्या.

"मला वाटलं होतं तू ती तबकडीवालीच आणशील," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेच ना. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? कुरकुर कधीच थांबलेली असायची आणि तू बसलेलीच असायचीस. मला काय कान नाहीत? मीच दडपून सांगायचे, मशीन उठतंय म्हणून."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. इतकी वर्षं मला वाटत होतं तो आडोसा लॅपटॉपचा आहे.

"तुम्ही का नाही बसलात मग कधी?"

"मला कुठलं आलंय मशीन? मी जरा टेकले की घरात सगळे विचारत येतात, बरं वाटत नाही का. एकदा तर तुझ्या सासऱ्यांनी डॉक्टरला फोन लावला." त्यांनी माझा कप घेतला, अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतून घेतला. "साखर कमी टाकतेस तू."

तेवढ्यात आबा दारात आले. हातात शर्ट, मुठीत बटण. आम्हा दोघींना असं ओळीने बसलेलं बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"काय झालं गं? बरं वाटत नाही का?"

"चांगलं ठणठणीत वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "बसलोय. सुई वरच्या खणात आहे."

आबा थोडा वेळ उभे राहिले. कुणी उठतंय का ते बघत असावेत. मग खण उघडल्याचा आवाज आला, मग भावोजींना हाक गेली की दोरा ओवून दे, मग भावोजींनी फोनवर बटण लावायचा व्हिडिओ शोधला. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत सगळं ऐकत होतो. सासूबाईंचे खांदे हसण्याने हलत होते, पण त्यांनी आवाज काढला नाही.

बटण तिरकं लागलं. आबा तोच शर्ट घालून संध्याकाळी फिरायला गेले, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून दाखवत राहिले.