काचेवरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. भंगार म्हणाल तर याद राखा! संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. सर यंत्राला पाहायला शिकवायचे. आधी अक्षरं, मग चेहरे, शेवटी छातीचे एक्स-रे. ढीगभर फिल्म माझ्याच काचेवरून गेल्या. आधी निरोगी माणसांच्या उरकल्या. मग कुणीतरी माझ्यावर स्टेपलर आपटला, काचेवर ओरखडा उठला. ‘चालतंय’ म्हणत आजाऱ्यांच्या फिल्म तशाच घातल्या.

त्या चित्रांवर सरांचा प्रोग्राम शिकला, त्यातल्याच राखून ठेवलेल्या चित्रांवर परीक्षा दिली आणि पहिला आला. हार सरांच्या गळ्यात, मी टेबलाच्या कोपऱ्यात!

सरांची धाकटी बहीण डॉक्टर. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दवाखान्यात तो प्रोग्राम बसणार होता. त्या दुपारी ती आईला घेऊन आली. आईला खोकला होता. एक्स-रे सोबत होता.

“दादा, मी पाहिलाय, स्वच्छ आहे. तुझं यंत्र काय म्हणतं बघू.”

सरांनी फिल्म माझ्यावर ठेवली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : आजारी.

बहिणीचा हात आईच्या खांद्यावर गेला.

“माझ्यावर टपलाय मेला!” आई म्हणाली.

सरांनी फिल्म उचलून उजेडात धरली. तेवढ्यात त्यांचं कोपर माझ्या बटणावर पडलं. काचेवर काहीच नव्हतं. तरी पडद्यावर : आजारी.

“आता कोण रे?” आईनं विचारलं. “टेबल?”

सर हसले नाहीत. त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि ते बहिणीकडे वळले.

“अगं, यानं छाती पाहिलीच नाही. ओरखडा फक्त आजाऱ्यांच्या चित्रांत होता, हा तोच शिकला. तुझ्या स्कॅनरला ओरखडा नाही. उद्या तिथं हा प्रत्येक आजाऱ्याला निरोगी म्हणून घरी पाठवेल.”

“आणि तुझी इतक्या वर्षांची मेहनत, दादा?”

सरांनी माझा दिवा बंद केला. म्हणाले, “बसवू नकोस. सगळ्यांना मीच सांगतो.”

आई उठली. “चल, भूक लागलीय. तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर माझ्या मागून चाल.”

वाटलं, आता मला फेकणार. का म्हणून? मी ओरखडा कधी लपवला होता? पण सरांनी मला ठेवलं. नवा विद्यार्थी आला की ते आधी माझी काच रिकामी ठेवून बटण दाबायला आणि पडद्यावरचं ‘आजारी’ वाचायला लावतात.

तेव्हा मित्रांनो, यंत्राची वाहवा जरूर करा, पण ते नक्की काय बघतंय ते आधी विचारा. आणि जाता जाता माझी काच पुसा. हात कुणी धरलाय तुमचा?