टाळ धरणारी

सप्तापूरच्या मारुतीपुढं दर शनिवारी बाळाचार्यांचं कीर्तन, आणि त्यांच्या मागं टाळ धरून त्यांची सोळा वर्षांची नात सावनी. गजर रंगला की मंडळी टाळ्या पिटत लय सोडून पुढं पळत सुटायची. तबल्यावरचा महेशसुद्धा त्यांच्या नादी लागायचा. पहिल्यांदा सावनीही पळाली, तेव्हा पूर्वरंग संपल्यावर गळ्यात हार घालून घेता घेता अज्जा, म्हणजे आजोबा, हळूच म्हणाले होते, "लोक पळाले म्हणून तू पळू नको, बाळ. लय धरून ठेव. येतात परत." आणि खरंच, येत.

पण देवळाबाहेरचं कीर्तन वेगळंच होतं बघा. तिथं मैत्रीण वेदश्री म्हणेल ते धृपद. तिनं आपल्या थोरल्या भावाची, अण्णाची स्कूटर आणायची, आणि एकेकानं बसच्या राखीव रस्त्यात उलटं शिरून, समोरून येणाऱ्या बसला चुकवत पुढचा थांबा गाठायचा. अनिशनं ते मोबाइलवर टिपायचं. गेल्या रविवारी सावनीनंही गाडी घातली होती. बस हातभर अंतरावरून गेली. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि खोटं कशाला सांगा, तिला ते गोड लागलं.

आज पाळी स्मृतीची. चौघांत लहान, नववीतली. गाडीवर बसली होती खरी, पण तिला ती धड वळवताही येत नव्हती.

"भीती नाही वाटत?" सावनीनं विचारलं.

"वाटते की. पण अक्का, तूसुद्धा गेलीस ना."

सावनीच्या लक्षात आलं: ही पोर वेदश्रीच्या नव्हे, आपल्या तालावर निघाली होती.

सावनीनं स्कूटरची किल्ली काढून मुठीत धरली. "कुणी जायचं नाही. मी गेले तेही चुकलंच."

"आल्या कीर्तनकारीणबाई," वेदश्री म्हणाली. "आता बुक्का लाव सगळ्यांना."

"लावते. आधी स्मृती, तू उतर."

वेदश्रीनं अनिशकडं पाहिलं. तो हसला की सगळं हातचं जाणार, हे सावनीला ठाऊक होतं. गजर पळत सुटतो तेव्हा लय धरून उभी राहते, तशीच ती उभी राहिली. स्मृती उतरली. अनिशनं मोबाइल खिशात टाकला.

"मलाही त्या दिवशी बघवत नव्हतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"कुणीच बोललं नाही."

बस आली, भरधाव निघून गेली.

"किल्ली दे," वेदश्री म्हणाली.

"तुझ्या अण्णाच्या हातात देईन."

वेदश्रीनं तोंड फुगवून गाडी ढकलायला घेतली. चार पावलांवर थांबून म्हणाली, "गिरमिट खायला तरी येताय का, संतमंडळी?"

सावनीनं मागून गाडीला हात लावला.