नऊ मिनिटांची धून

सोमवारी सकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना मावशी फोनसमोर स्टूल ओढून बसल्या. हाताशी काकांचं हॉस्पिटलचं कार्ड, नाकावर चष्मा, समोर भिंतीवर घड्याळ. हा सहावा सोमवार. ज्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर अठ्ठावीस वर्षं बसून त्यांनी अख्ख्या जगाला फोन जोडून दिले, त्याच हॉस्पिटलात आता त्यांचा स्वतःचा फोन लागत नव्हता. ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

फोन हवा होता तो काकांसाठी. काका म्हणजे मावशींचे यजमान. हॉस्पिटलातले सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून आपणही म्हणू. काकांचा आवाज बसला होता. सर्दीने बसतो तसा नाही. आधी घोगरा झाला, मग चिरका, आणि आता नुसती कुजबुज उरली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला की आत दुर्बीण घालून बघायलाच हवं. घाबरू नका, पण उशीरही करू नका." त्याला आता दोन महिने होत आले. 'घाबरू नका' कधीच विसरायला झालं होतं, 'उशीर करू नका' तेवढं डोक्यात घण घालत होतं.

आणि हा माणूस बोलका हो. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली त्यांनी. दिवसभर मान खाली घालून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, तोंडातून शब्द काढायचा नाही. ती सगळी कसर ते बाहेर भरून काढायचे. जिन्यात भेटलेल्या माणसाला अर्धा तास सोडायचे नाहीत. मावशींचं कौतुक तर इतकं, की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. "हिच्याशिवाय हॉस्पिटलचं पान हलत नाही. एक मिनिट उसंत नसते तिला." आता तेच काका हाताने खुणा करून चहा मागायचे.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे आठवड्याला बाराच नंबर. अपॉइंटमेंट फक्त फोनवर, फक्त सोमवारी आठपासून, आणि रुग्णाच्या कार्डावर जो फोन नंबर लिहिलाय त्याच फोनवरून. शेवटचा नियम दलालांना आवर घालायला केलेला. काकांच्या कार्डावर घरचा हाच जुना फोन होता. तो बदलायचा तर अर्ज द्यायचा, आणि अर्ज घेणाऱ्या साहेबांना भेटायला पुन्हा अपॉइंटमेंट. तिसऱ्या आठवड्यात मावशी स्वतः जाऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खिडकीतल्या माणसाने वर न बघता 'अपॉइंटमेंट फक्त फोनवर' ह्या पाटीकडे बोट दाखवलं. राग आला, पण करता काय. त्या जागी त्या स्वतः असत्या तर त्यांनीही पाटीच दाखवली असती.

बरं, फोन कुणालाच लागत नाही म्हणावं तर तसंही नाही. शेजारच्या शिक्षिकाबाईंचा कान दुखत होता. त्यांना पहिल्याच फटक्यात नंबर मिळाला, त्याच डॉक्टरांचा. वर मावशींनाच विचारतात, "तुमची तर ओळख असेल ना तिथे?"

ओळख होती की. आता बोर्डाची मुख्य कोण, तर छोटी. बावीस वर्षांची असताना आली होती, फोन उचलला की लाइन भलतीकडेच जोडायची. मावशींनी तिला बोटाला धरून शिकवलं. बोलण्याआधी श्वास कसा घ्यायचा, शिव्या देणाऱ्याशी आवाज न चढवता कसं बोलायचं, मोठ्या डॉक्टरांची झोप कधी मोडायची आणि कधी नाही. छोटीला मुलगी झाली तेव्हा चार महिने मावशींनी तिच्या पाळ्या आपल्या अंगावर घेतल्या. मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी छोटी त्यांच्या गळ्यात पडून इतकी रडली, की लोकांना वाटलं कुणी गेलं.

त्या छोटीला मावशींनी चौथ्या आठवड्यात, जीव अगदी गळ्याशी आल्यावर, घरी फोन केला. वशिला मागायची सवय नव्हती. छोटी सगळं ऐकून म्हणाली, "मावशी, करत राहा हो, लागतो फोन. मी तुम्हाला मध्ये घातलं तर उद्या सगळेच मागतील. रांग मोडायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला." मागे तिची मुलगी हाका मारत होती. छोटीने घाईघाईने फोन ठेवला.

तर आता हा सहावा सोमवार. आठ वाजले. मावशींनी नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. एक रिंग, आणि तीच ती धून सुरू झाली. वाट बघणाऱ्यांना ऐकवतात ती टिंगटिंग. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. धुनीबरोबर त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, आणि मधल्या वळणावर तर मान धुनीच्या आधीच डोलली.

"पाठ झालीय की तुम्हाला," मावशी म्हणाल्या. काका नुसते हसले.

धून संपली, फोन कटला. मावशींनी सहज वर बघितलं. आठ वाजून नऊ मिनिटं. पुन्हा नंबर फिरवला तेव्हा आठ दहा झाले होते. पुन्हा धून. पुन्हा कट. एकोणीस. आता मावशींनी चष्मा सारखा केला आणि तिसऱ्यांदा सेकंदकाटा बघत फोन लावला. बरोबर नऊ मिनिटं. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या. कारण ही नऊ मिनिटं त्यांची स्वतःची होती.

काय आहे, प्रत्येक हॉस्पिटलला काही लोक छळतात. दारू पिऊन फोन करणारे, नर्सबायकांशी लगट करणारे, दिवसातून वीस वेळा तेच विचारणारे. अशांसाठी मावशींनी एक पिवळी वही केली होती. त्यात नंबर लिहायचा, तारीख, कारण, आणि तो नंबर बोर्डात भरून टाकायचा. मग त्या नंबरावरून फोन आला की यंत्र आपोआप धून ऐकवायचं आणि नऊ मिनिटांनी लाइन तोडायचं. बोर्डावर साधा दिवासुद्धा लागायचा नाही. पाच मिनिटांत तोडलं तर माणूस चिडून परत करतो. नऊ मिनिटं ताटकळला की त्या दिवसापुरता नाद सोडतो. हा हिशोब मावशींनी स्वतः करून करून बसवला होता. वही बोर्डाच्या खालच्या खणात असायची आणि तिच्याबद्दल दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मावशी, दुसरी छोटी.

"उठा," मावशी काकांना म्हणाल्या. "शर्ट घाला. केसाने गळा कापलाय आपला."

वाटेत त्यांचं तोंड थांबेना. करत राहा म्हणे, लागतो. रांग म्हणे. सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून दारुड्यांच्या यादीत घातलं मला. कशासाठी? मी वशिला मागेन म्हणून? चार महिने हिच्या पाळ्या केल्या तेव्हा नाही मी त्रास देणारी झाले. काका शेजारून चालत होते आणि मधूनमधून त्यांचा दंड थोपटत होते. पोरीचं चुकलं असेल, असं त्यांचं म्हणणं असावं, पण ते ऐकायला मावशींना सवड नव्हती.

बोर्डाची खोली तळघरात, चादरींच्या कोठीला लागून. बाकी सगळं बदललं होतं, दाराचा कर्रर आवाज तेवढा तसाच होता. छोटीने कानावरचा हेडफोन काढला आणि हसत उठली, "अगं बाई, मावशी. काका, बसा ना."

"बसायला नाही आले. पिवळी वही काढ."

छोटीचं हसू मावळलं. मावशींनी सगळं एका दमात ऐकवलं. आवाज चढवला नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय. त्यामुळे ते जास्तच लागलं असावं. छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, माझ्या मुलीची शपथ, मी नाही टाकला तुमचा नंबर. दोन वर्षांपूर्वी नवीन मशीन आलं तेव्हा धून नि नऊ मिनिटं तीच ठेवून वहीतले सगळे नंबर जसेच्या तसे त्यात भरून घेतले, तेवढंच केलं मी. वाचलेसुद्धा नाहीत. थांबा, तुमच्या देखतच बघते."

तिने खणातून वही काढली. पिवळा रंग उडून गेला होता. मागून पुढे एकेक पान उलटत, बोट फिरवत ती बघत गेली. तिची पानं झाली, मावशींची सुरू झाली. अगदी पुढे, दुसऱ्या की तिसऱ्या पानावर, तिचं बोट थांबलं. तिने मावशींकडे बघितलं, मग काकांकडे, आणि वही मिटली.

"माझीच चूक मावशी," ती म्हणाली. "मीच टाकलेला दिसतोय. चुकून. माफ करा मला."

पण मिटता मिटता मावशींना दिसलं होतं. निळी शाई. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. आणि त्याबरोबर तो आठवडाही आठवला. नवे साहेब आले होते, आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई, हा बोर्ड रुग्णांसाठी आहे की तुमच्या घरच्या गप्पांसाठी?" काका रोज जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातून घरी यायचे आणि बरोबर एक वाजता फोन करायचे. जेवलीस का, आज काय गंमत झाली, काही बाही. त्यांना किती वेळा सांगितलं, नका करत जाऊ, लाइन मोकळी नसते. ऐकत नव्हते. मग एके दिवशी मावशींनी नंबर वहीत लिहिला आणि बोर्डात भरला. आठ दिवसांसाठी म्हणून. फोन थांबले. दुपारी जरा शांत वाटायला लागलं. त्यांना वाटलं ह्यांनी नाद सोडला, आणि आठ दिवसांनी काढायचा नंबर काढायचा राहूनच गेला. मग त्या विसरल्या. खरंच विसरल्या.

आता सांगायला हवं होतं. छोटी मान खाली घालून उभी होती, जे केलंच नाही त्याचा आळ अंगावर घेऊन. मावशींनी तोंड उघडलं आणि त्यांच्याच कानांवर त्यांचं बोलणं आलं, "असू दे गं. होतं असं कधीकधी."

शरम वाटली त्यांना. बोलता बोलताच वाटली, पण शब्द निघून गेले होते.

काकांनी हात पुढे केला आणि छोटीच्या हातातून वही घेतली. हलकेच, छापखान्यात प्रूफ घ्यायचे तसे. छोटी म्हणाली, "काका, राहू दे ना." काकांनी पान उघडलं. दुसऱ्यांच्या अक्षरांत आयुष्य गेलेला माणूस. त्याला काय लपणार होतं? मावशींचा पाच ते लांबून ओळखायचे. खाली शेपूट ओढायची त्यांना सवय, सामानाच्या यादीत तो पाच बघून ते नेहमी चिडवायचे. घरच्या नंबरात पाच दोनदा होता. दोन्ही शेपट्या लांब ओढलेल्या होत्या. काकांचं बोट नंबरावरून तारखेवर गेलं, तारखेवरून शेवटच्या, कारणाच्या रकान्यावर. तिथे मावशींनी एकच शब्द लिहिला होता.

"विनाकारण," काका कुजबुजले.

पुढची पाच मिनिटं छोटीच काय ती बोलत होती. तिने मशीनमधून नंबर काढला, वर दोन फोन केले, कुणाला तरी दटावलं, आणि गुरुवारचा सकाळचा पहिला नंबर काकांच्या कार्डावर स्वतः लिहून दिला. रांग मोडली तिने. पण मावशींकडे तिने बघितलं नाही.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. इतकं ऊन होतं की बाक तापला होता. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुम्ही करत होतात?" त्यांनी शेवटी विचारलं. "त्यानंतरही?"

काकांनी होकाराची मान हलवली. मग जवळ सरकून, एकेक शब्द ढकलत बोलले. "पहिलं वर्ष रोज. मग मंगळवार, शुक्रवार." थोडं थांबून श्वास घेतला. "पूर्ण ऐकायचो. नऊ मिनिटं. वाटायचं, आता उचलेल."

मावशींना संध्याकाळ आठवली. एक नाही, शेकडो. घरात पाऊल टाकलं की काका विचारायचे, "आज फार गडबड होती ना गं?" आणि त्या चपला काढत म्हणायच्या, "श्वास घ्यायला वेळ नव्हता." काका मग उठून चहा टाकायचे.

"छापखान्यात सांगायचो सगळ्यांना," काका म्हणाले. "उसंत नसते तिला."

माफ करा म्हणावं, असं मावशींना वाटलं. पण आत्ताच तळघरात तो शब्द छोटीने त्यांच्यासाठी वापरून टाकला होता, आणि त्यांनी तो ऐकून घेतला होता. त्या एवढंच विचारू शकल्या, "काय सांगायचं असायचं हो तुम्हाला? रोज?"

काकांनी आठवून बघितलं. आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. त्यांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण कुजबुजसुद्धा आली नाही. नुसती हवा.

"सावकाश सांगा," मावशी म्हणाल्या. "मी थांबलेय."

काकांनी हातानेच राहू दे म्हटलं, आणि बस येतेय का ते बघायला रस्त्याकडे तोंड फिरवलं.