मागच्या नळीवरचा थोरला

मी सायकलच्या सीटखालच्या नळीवरून बोलतोय. नीट ऐकू आलं नाही तर दोष तुमचा नाही. माझ्या दोन्ही बाजूंना सतत मांड्या वरखाली होत असतात. मी पाण्याची बाटली धरणारा होल्डर. जाड तारेचा, दोन स्क्रूंवर उभा.

माझ्यासमोर, हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीवर, आणखी एक होल्डर आहे. तो माझा जुळा भाऊ, पण धाकटा. एकाच वेटोळ्यातून आधी मी कापला गेलो, आधी मला वाकवलं, वेल्डिंगचा चटकाही आधी मीच सोसला. पण दुकानात आम्हाला सायकलवर बसवणाऱ्या माणसाच्या हाताला पिशवीतून आधी तो लागला. त्यानं तो पुढे लावला आणि मला मागे. तेवढ्यावर आमची नशिबं ठरली. जन्मानं मी थोरला, मानानं धाकटा.

पुढच्याची काय ती मिजास! बाईला तहान लागली की तिचा हात न बघता सरळ त्याच्याकडे जातो, जसा सवयीच्या घरात दिव्याच्या बटणाकडे जातो. वारा आधी त्याला लागणार, रस्ता आधी त्याला दिसणार. मला दिसतो तो फक्त धाकटा. चिखलाचं म्हणाल तर मागच्या चाकाचा माझ्या वाट्याला येतो.

आमची बाई दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर मेणात दुसऱ्यांचे दात रोवते आणि रविवारी सकाळी सायकलवर बसून स्वतःचे आवळते. कारण तिच्या पुढे तिची नणंद असते. घरात सगळे तिला चिमणी म्हणतात, आणि ती आहेही तशीच. वजन नाही, घाम नाही, चढावर गप्पा मारत जाते. एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं बाटली, नजर रस्त्यावर. बाई मागून बघत राहते. ती नजर मी लगेच ओळखली. मी धाकट्याकडे तसाच बघतो.

बाईला फार काही नको होतं. गावाबाहेरच्या धरणाच्या भिंतीपाशी एकदा, फक्त एकदा, चिमणीच्या आधी पोचायचं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच, शेवटी बहीण त्याची.

नवरा कपाटं बनवतो. सायकल चालवत नाही, पण बाटल्या भरून लावायचं काम हौसेनं स्वतःकडे घेतलेलं. एक बाटली उंच, एक बुटकी. त्यानं उंच बाटली माझ्यात ठेवली आणि बुटकी पुढे. जड माल नेहमी मागे, नाहीतर दार उघडताच कपाट अंगावर येतं, असं त्यानं बायकोला समजावलं. तीही बिचारी हो म्हणाली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. धाकट्याला गडवा आणि मला हंडा!

पण बाई उंचीनं बेताची, म्हणून सायकलही लहान. वरची आडवी दांडी जवळजवळ माझ्या डोक्याला टेकलेली. घरी सायकल भिंतीला लावून नवरा ती उंच बाटली तिरपी करून माझ्यात दाबायचा. चालत्या सायकलवर ओढली की तिचं बूच दांडीला अडायचं. त्या रविवारी चढ लागायच्या आधीच पुढची बाटली संपली. बाईनं मागे हात घातला, ओढलं, सायकल डगमगली, हात परत हँडलवर गेला. थांबून काढता आली असती, पण थांबलं की चिमणी आणखी पुढे. बाई तशीच कोरड्या घशानं चढली आणि भिंत दिसायला लागली तेव्हा पोटरीत गोळा येऊन रस्त्याकडेला बसली. माझ्या मिठीत गळ्यापर्यंत पाणी, आणि ती तहानलेली. त्या दिवशी मला कळलं, नुसतं भरलेलं असून भागत नाही.

चिमणी वळून खाली आली. तिनं सायकलकडे एकदा पाहिलं आणि हसायला लागली. म्हणाली, "वहिनी, दादानं काय कपाट लावलंय का हे? उंच बाटली पुढे घाल, बुटकी मागे."

सल्ला खरा होता. म्हणूनच बाईला जास्त झोंबला. मलाही. पुढच्या रविवारी हंडा धाकट्याकडे गेला.

पण माझी बुटकी बाटली आता अलगद निघायची. बाई घराजवळच्या गल्लीत मागे हात घालायचा सराव करू लागली. मुद्दाम माझ्याकडे हात येतोय, हे सुख मी पहिल्यांदा अनुभवलं.

मग तो रविवार आला. चढाच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे. चिमणीच्या सायकलवर एकच होल्डर, काळाभोर, पिसासारखा हलका. त्याचाही मला हेवा वाटायचा. एका खड्ड्यात त्यातली बाटली उडाली आणि उतारावरून झुडपात गेली. चिमणी थांबली नाही. चढाच्या मध्यावर तिची बडबड बंद झाली. बाईनं तिला गाठलं. मग मागे टाकलं.

समोर भिंत, रस्ता मोकळा, पुढे कुणी नाही. धाकटा तोवर रिकामा झाला होता. बाईनं मागे हात घालून मला हलकं केलं, बाटली तोंडाशी नेली आणि मान वळवून मागे पाहिलं. चिमणीचे ओठ पांढरे पडले होते. मी तारा आवळून म्हणत होतो, पी, पी, तुझं आहे ते.

बाईनं पेडल मारणं थांबवलं. चिमणी बरोबरीला आली.

"घे."

"तुला लागेल ना वहिनी."

"लागणार असतं तर दिलं असतं का? पी गुपचूप."

चिमणीनं सगळी बाटली रिकामी केली. तळाचा घोटसुद्धा ठेवला नाही. रिकामी बाटली पाठीच्या खिशात खोचली, आणि जिवात जीव आल्यावर तिचे पाय सवयीनं फिरू लागले. भिंतीला ती आधी पोचली. चाकभर आधी.

बाई धापा टाकत आली आणि म्हणाली, "माझंच पाणी पिऊन माझ्या पुढे गेलीस, भवाने." दोघी पोट धरून हसल्या. चिमणी पूर्ण हसली. बाई अर्धी हसली. उरलेलं अर्धं माझ्याइतकं कुणाला कळणार?

माझी बाटली परत आली नाही. चिमणीच्या नव्या होल्डरमध्ये ती आता ऐटीत पुढे बसते. बाईनं मागितली नाही, मागून लहान कोण होणार? माझ्यात पंक्चरच्या सामानाचा डबा कोंबलाय. तो खडखडतो. टायर फुटल्याशिवाय माझी आठवण कुणाला येत नाही, आणि टायर फुटावा असंही मला म्हणवत नाही. बरं, पाणी दिलं याचं मला दुःख नाही. बाईनं दिलं ते योग्यच होतं. फक्त ते माझं होतं, हे एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं.

तुमच्या सायकलवर मागच्या नळीला कुणी असेल, तर एवढंच करा. पुढच्याचं संपायची वाट न बघता, मधेच कधीतरी मागे हात घाला.