थांबा म्हणणारं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं पुठ्ठ्याचं कार्ड आहे. १९७४ साली सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात माझा जन्म झाला. कुणाचा ऊस कधी तोडायचा, याची यादी तिथं मशीन छापत असे. प्रत्येक शेतकऱ्याचं एक कार्ड. त्याच्या भोकांत नाव, गाव, लागणीचा महिना सगळं भरलेलं. माझ्या अंगावर मात्र एकच भोक. त्यातून मशीनचा तारेचा ब्रश आत टेकला, की मशीन जागच्या जागी थांबे. यादी कुठं चुकते ते शोधायला मशीनवाले कुतुबुद्दीन मला गठ्ठ्यात मधेच घालत.

खरं सांगायचं तर इतर कार्डांवर माझा फार जळफळाट होई. त्यांची नावं कागदावर उमटत, लोक ती बोटानं शोधून हसत. माझी पाळी आली की काम अडे आणि कारकून नानासो कपाळाला हात लावत.

खंडेनवमीला नानासोंनी मशीनची पूजा केली, गठ्ठ्याला कुंकू लावलं. मी मात्र बाजूलाच पडून. तेवढ्यात त्यांना माझी आठवण झाली. तेलात कालवलेल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट त्यांनी माझ्यावर ओढलं. त्या दिवशी माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

पौषात शिराळ्याकडून राहीबाई आल्या. लेक फौजेत, शेत त्यांच्याच अंगावर. लागण गेल्या वर्षीच्या आषाढातली, सगळ्यांच्या आधीची, तरी यादीत त्यांची पाळी सगळ्यात शेवटी.

"आवं, उसाला तुरं आल्याती," त्या म्हणाल्या. "वाळून चिपाडं झाल्यावर तोडणार व्हय?"

कुतुबुद्दीननी मला त्यांच्या कार्डामागं ठेवलं आणि मशीन सुरू केलं. मशीन थांबलंच नाही. त्यांनी दोन दिवस तारा बदलून पाहिल्या. तिकडं ऊस वाळत होता. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटत होतं. माझ्यामुळं आता कुणाचं काम अडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीतल्या उजेडात धरलं.

"नानासो, भोकात तुमचं कुंकू बसलंय. मशीनला ह्ये भोक दिसतंच न्हाई."

टाचणीनं कुंकू कोरताना माझं भोक फाटलं. मग त्यांनी एका नव्या कार्डाला तसंच भोक पाडलं.

त्या कार्डावर मशीन थांबलं आणि चूक सापडली. आधीच्या कार्डावरच्या शेतकऱ्याच्या लागणीचा महिना मशीनमधून पुसला जात नव्हता, राहीबाईंच्या नावापुढं तोच छापला जात होता. त्यांना सोमवारची तोड मिळाली. राहीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नानासोंनी सगळ्यांना चहा सांगितला.

मित्रांनो, कामात मधेच थांबवणाऱ्यावर चिडू नका, त्याला नीट जपा. मशीन थांबलं म्हणून माणसं खूश झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि त्याला थांबवणारं कार्ड दुसरंच होतं.