टर्लेकचं पवित्र बिस्कीट

रविवारी सकाळी अकरा वाजता अमेरिकेतल्या टर्लेक गावच्या लुथरन चर्चच्या तळघरात दीडशे माणसं एका डोळ्यावर हात आणि दुसऱ्या डोळ्यासमोर खारं बिस्कीट धरून उभी होती. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होता. त्याच्या शेजारी सुताराचा एक लांब खिळा हातात घेऊन ब्रदर एलरॉय स्टॅम्पर उभा होता, आणि अख्खं तळघर एका सुरात वाचत होतं, "डी, एफ, पी..."

"वाचता येतंय?" एलरॉयने विचारलं. "मग वाचवणारा कोण, ते मी सांगायला हवं?"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. तिसऱ्या रांगेत मेव्हिस ट्वेटेन तेवढी हाताची घडी घालून बसली होती. तिच्या नाकावर चष्मा होता, आणि त्या तळघरात तो एकटाच उरला होता. बाकीचे सगळे दाराजवळच्या पिंपात पडले होते.

मेव्हिस शाळेची नर्स. एकतीस वर्षं तिने गावातल्या प्रत्येक पोराच्या केसांतल्या उवा काढल्या होत्या, गुडघे पुसले होते आणि दर वसंतात डोळे तपासले होते. गावात तिला सगळे सिस्टर म्हणत. एलरॉयला ब्रदर म्हणत. पण या भावाबहिणीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

एलरॉय पूर्वी फार्गो शहराकडे गालिचे विकायचा. सप्टेंबरात तो टर्लेकला आला, तेव्हा गावचे पाद्री खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते आणि चर्चवाल्यांना रविवारी बोलायला कुणीतरी हवंच होतं. पहिल्याच रविवारी त्याने बिस्किटाला खिळ्याने भोक पाडलं, डोळे मिटून काही पुटपुटला आणि ते शाळेच्या बसचा ड्रायव्हर ऑर्विन याच्या डोळ्याला लावलं. ऑर्विनचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड. त्याने बिस्किटातून तक्त्याच्या सहा ओळी धडाधड वाचल्या आणि तिथेच मटकन खाली बसला.

त्यानंतर गावाने ताळतंत्र सोडलं. "चष्मा म्हणजे काय?" एलरॉय सांगायचा. "काच. काच कशाची होते? वाळूची. आणि बायबलातल्या त्या वाळूवर घर बांधणाऱ्याचं काय झालं, ते ठाऊक आहे ना?" लोक माना डोलवायचे आणि चष्मे पिंपात टाकायचे. पोस्टमन बिस्किटातून पत्ते वाचू लागला. शाळेच्या हॉकी सामन्यात पंचाने बिस्कीट लावून गोल दिला, आणि हरलेल्या संघानेही तो मान्य केला. दुकानातली चौकोनी बिस्किटं संपली, तेव्हा काहींनी गोल वापरून पाहिली. त्यावरून चर्चमध्ये दोन तट पडले आणि गोलवाले वेगळ्या बाकावर बसू लागले. एका म्हाताऱ्याने विचारलं, काम झाल्यावर बिस्कीट लोणी लावून खाल्लं तर चालेल का. एलरॉयने बराच वेळ चिंतन करून सांगितलं, चालेल, पण प्रार्थनेच्या वेळेत नको.

ऑर्विनने एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने बिस्कीट धरून बस चालवली आणि ती भोपळ्याच्या शेतात घातली. नशीब, बस रिकामी होती. एलरॉय म्हणाला, ऑर्विन वाचला, हाच चमत्कार. भोपळ्यांबद्दल तो काही बोलला नाही.

मेव्हिस एवढ्यावर हसून गप्प बसली असती. पण पिंपात चष्म्यांच्या जोडीने डोळ्यांच्या पट्ट्याही पडल्या होत्या.

या पट्ट्यांचा इतिहास असा. वसंतातल्या तपासणीत मेव्हिसला गावातली सहा लहान मुलं अशी सापडली, ज्यांचा एक डोळा दिसायला ठणठणीत, पण त्याने वाचता काही येत नव्हतं. आळशी डोळा म्हणतात तो हा. विद्यापीठाच्या इस्पितळात त्यावरच संशोधन चाललं होतं. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली की दुर्बळ डोळ्याला काम करावंच लागतं, एवढं डॉक्टरांना माहीत होतं. दिवसाला दोन तास पट्टी पुरते की सहा तास लागतात, हे त्यांना शेकडो मुलांवरून ताडून पाहायचं होतं. टर्लेकची सहाही मुलं त्यात होती. त्यांतलीच एक ब्रिटा, साडेपाच वर्षांची, मेव्हिसच्या धाकट्या बहिणीची, डेलोरिसची नात. आई-बाप तेलाच्या विहिरींवर पाळ्या करत, म्हणून ब्रिटा आजीकडेच असायची. तिने आपल्या पट्टीवर बदकं चिकटवली होती.

आता बदकांची पट्टी पिंपात होती. आणि गेल्या रविवारी एलरॉयने ब्रिटाचा उजवा डोळा तळहाताने घट्ट झाकून डाव्याला बिस्कीट लावलं, तेव्हा तिला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसलं नव्हतं. एलरॉयने मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाला, बिस्किटात खोट नाही, खिळ्यात खोट नाही, मग खोट कुठे असेल ते या लेकराच्या घरच्यांनी आपल्या मनात शोधावं.

या रविवारी चर्च सुटल्यावर दुपारी मेव्हिस बहिणीकडे गेली. डेलोरिसने तिला कॉफी दिली, पण समोर बसली नाही.

"पट्टी परत लाव तिला," मेव्हिस म्हणाली.

"तुझ्यामुळेच झालंय हे, ताई. घरात एक जण संशय घेणारा असला की पुरे, असं ब्रदर म्हणाले."

"मी तुझ्या घरात राहत नाही, डेलोरिस."

"येतेस ना पण."

ब्रिटा टेबलाखाली बसून कुत्र्याला बिस्कीट भरवत होती. तिने वर पाहिलं आणि सहज विचारलं, "मेव्हिसआजी, देवाला माझा डावा डोळा आवडत नाही का?"

डेलोरिस सिंककडे तोंड करून तीच बशी पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

घरी आल्यावर मेव्हिसने एक गोष्ट केली, जी तिने आधीच करायला हवी होती. चष्मा काढला, शिवणाच्या डब्यातल्या जाड सुईने बिस्किटाला भोक पाडलं आणि त्यातून समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बारीक आकडे स्वच्छ दिसले. एकतीस वर्षं नर्स असूनही क्षणभर तिलाही ते खरं वाटलं. मग तिच्या मनात आलं, याला तर कुणी आशीर्वाद दिलेला नाही.

तिने पाकिटाचा पुठ्ठा टोचून पाहिला. दिसलं. सदऱ्याच्या बटणातून पाहिलं. दिसलं. मिठाच्या डबीच्या झाकणातून पाहिलं, मूठ आवळून बोटांच्या फटीतून पाहिलं. दिसलं. आणि मग तिला इस्पितळातली ती काळी पळी आठवली, बारीक भोकं पाडलेली. ब्रिटाला तपासताना डॉक्टरणीने ती तिच्या डोळ्यापुढे धरली होती, मान हलवली होती आणि म्हणाली होती, याने सुधारत नाही, म्हणजे दुखणं नुसतं चष्म्याचं नाही.

मेव्हिस खुर्चीत बसली आणि एकटीच हसली. हसता हसता तिला रडू आलं.

पुढच्या रविवारी ती तळघरात आली ती टोपली घेऊन. टोपलीत पुठ्ठे होते, बटणं होती, समोरच्या बारमधून मागून आणलेली मिठाची झाकणं होती आणि दोन डझन डोनट. एलरॉयचं प्रवचन संपल्यावर ती उठली आणि नम्रपणे म्हणाली की तिचा संशय फिटावा अशी तिची फार इच्छा आहे. ब्रदरने मदत केली तर बरं होईल. एलरॉय खूश झाला. हट्टी मेंढी स्वतःहून दावणीला आली होती.

"ब्रदर, हे डोनट पवित्र करून द्याल? तुमच्याच खिळ्याने, तुमच्याच मंत्राने."

एलरॉयला डोनटमध्ये वावगं काही दिसलं नाही. त्याने प्रत्येकाच्या भोकातून खिळा फिरवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पुटपुटला. मेव्हिसने ते वाटले आणि तक्ता वाचायला सांगितलं. दोन डझन माणसांनी डोनट डोळ्याला लावले. कुणीच काही वाचेना. ऑर्विनच्या भुवईला साखर चिकटली आणि तो म्हणाला, सगळं धुरकट आहे.

मग तिने झाकणं, बटणं आणि पुठ्ठे वाटले. हे पवित्र केलेलं नाही, हेही सांगितलं. मिनिटभरात तळघरात पुटपुट सुरू झाली. "डी, एफ, पी..." गोलवाले आणि चौकोनवाले एकाच बाकावर दाटीवाटीने बसून एकमेकांची झाकणं पाहू लागले.

एलरॉय सावरला. आशीर्वाद खोलीच्या हवेत पसरला आहे, असं त्याने सांगितलं. मेव्हिस म्हणाली, मग रस्ता ओलांडू या. बारमध्ये तर ब्रदर कधी गेले नाहीत. ऑर्विनने तक्ता भिंतीवरून काढून काखेत मारला, आणि दीडशे लुथरन रविवारी सकाळी बारमध्ये शिरले, ज्यांतले निम्मे तिथे कधीच गेलो नाही असं सांगायचे. बारवाल्याने त्यांना नावानिशी हाका मारल्या. तिथेही झाकणांतून सगळं दिसलं. एलरॉय म्हणाला, देव बारमध्येही असतो.

"असेल," मेव्हिस म्हणाली. "पण मग तो डोनटमध्ये का नव्हता?"

लोक पहिल्यांदाच त्याच्या उत्तराची वाट पाहत होते.

मग मेव्हिसने बारच्या पाटीवर खडूने डोळा काढला आणि शाळेत सांगते तसं सांगितलं. चष्मा लागलेल्या डोळ्यात एकेका ठिपक्याचा उजेड आतल्या पडद्यावर पसरट पडतो, म्हणून अक्षर फिसकटतं. भोक बारीक असलं की कडेचे किरण अडतात, मधला बारीक झोत तेवढा आत जातो, आणि अक्षर ठसठशीत उमटतं. डोनटचं भोक मोठं, म्हणून तो बाद. खिळ्याचा, मंत्राचा, पापपुण्याचा यात काही संबंध नाही. आणि भोकातून पाहणं म्हणजे डोळा बरा होणं नव्हे. बिस्कीट खाली आलं की नजर होती तिथेच, आणि बस भोपळ्यात.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "बारीक भोकातून ज्या मुलाला स्पष्ट दिसतं, त्याला बहुतेक चष्मा हवा असतो. ज्याला तरीही दिसत नाही, त्याला डॉक्टर हवा असतो. ब्रिटाला दिसलं नाही, ते कुणाच्या पापामुळे नाही. तिचा मेंदू डाव्या डोळ्याचं ऐकायचं विसरलाय. पट्टीने तो शिकतो. पण लहानपणी लवकर शिकतो. वय वाढलं की हट्टी होतो आणि हाती कमी लागतं. या गावातल्या सहा मुलांचे पाच आठवडे आपण एका खिळ्यापायी वाया घालवले."

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डेलोरिस उभी राहिली होती. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"माझ्या नातीला मी रोज रात्री गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावत होते," ती म्हणाली. "साडेपाच वर्षांची पोर. कसली माफी मागायची, ते तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं."

ती एलरॉयकडे वळली. "तुम्हाला तरी माहीत होतं का?"

एलरॉय म्हणाला, त्याला उशीर होतोय. तो बाहेर गेला, गाडीत बसला, समोरच्या खणातून एक जाड चष्मा काढून नाकावर चढवला आणि सावकाश, इशारे देत, नियमाने गाडी हाकत निघून गेला. काचेला नाक आणि डोळ्याला झाकण लावून दीडशे माणसांनी ते पाहिलं.

त्या दिवशी चर्चच्या तळघरात पिंप टेबलावर उपडं केलं. आपापला चष्मा शोधायचा, पण शोधायला चष्मा नाही, त्यामुळे दुपारपर्यंत गोंधळ चालला. पोस्टमन दोन दिवस कुणा बाईचा चष्मा लावून हिंडत होता. सहापैकी पाच मुलांच्या पट्ट्या सापडल्या. सहाव्याची मेव्हिसने नवी आणली.

इस्पितळात मेव्हिसने बुडलेले पाच आठवडे काही न लपवता सांगितले. डॉक्टरणीने ते तसेच कारणासह नोंदले आणि म्हणाली, खरं सांगितलंत हे बरं केलंत. लपवलेल्या आठवड्यांनी आमचा निष्कर्ष चुकला असता आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच मुलांना बसला असता. पुढच्या जूनपर्यंत ब्रिटाचा डावा डोळा तक्त्याच्या आणखी तीन ओळी खालपर्यंत वाचू लागला होता. पूर्ण बरा झाला नव्हता. एका मुलाला काहीच फरक पडला नव्हता, तेही डॉक्टरणीने तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

परत येताना डेलोरिस गाडीत म्हणाली, "पूर्ण बरा होईल असं त्या ठामपणे का नाही सांगत? तो एलरॉय सांगायचा."

"म्हणूनच," मेव्हिस म्हणाली.

डेलोरिसने यावर बराच विचार केला. मग टर्लेकमध्ये कुणी कसलाही चमत्कार घेऊन आला की ती त्याला आधी शांतपणे विचारू लागली, की बाबा, हे कधी फसतं आणि फसलं की दोष कुणाला देतोस. ज्याला या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देता येत नाहीत, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नये. एवढं ध्यानात ठेवायला कुणाला नर्स व्हावं लागत नाही.